तेलही आमचे, तूपही आमचे. हाती मात्र धुपाटणे



जिल्हा बैठकीत वाटायच्या या अंकात कापसाचा भाव, ज्वारीची आधारभूत किंमत, वीजबिल आणि बँकेचे कर्ज हे विषय नेहमीप्रमाणे आहेतच. या पानावर मात्र आम्ही लिहितो आहोत ते अंगाला लावायच्या लोण्यावर. वाचून कुणी हसेल. ज्याला हसू येईल त्याने आधी घरातल्या बाईच्या टाचा पाहाव्यात आणि मग हसावे.

कपाशी वेचताना फुटलेल्या बोंडाची सुकलेली टोके नखांच्या कडेला टोचतात. दिवसभर वेचणी केलेल्या बोटांनी संध्याकाळी भाकरी थापली की मीठ झोंबते. ज्वारीची पाती हात चिरतात, मळणीचा भुसा अंगाला खातो. मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की काळ्या जमिनीसारख्याच टाचांनाही भेगा पडतात. जमिनीच्या भेगा पावसाने बुजतात. टाचेच्या भेगांसाठी आपण आठवडी बाजारातून छोटी डबी आणतो. त्या डबीत असते खनिज तेलापासून काढलेली पांढरी चिकट जेली. ती वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. भेगेवर ती चांगले काम करते. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या घरात तीळ आहे, करडई आहे, बांधावर एरंड आहे, दूधदुभते आहे, त्या घराला टाचेला लावायलासुद्धा गावाबाहेरचीच डबी का लागावी?

ठाणे-डोंबिवलीत काय चालले आहे

आता मुंबईच्या अंगाला बघा. ठाण्याच्या गोखले रस्त्यावर, डोंबिवलीच्या फडके रोडवर, कल्याणच्या बाजारात 'बॉडी बटर' नावाची वस्तू मिळते. बटर म्हणजे लोणी. हे खायचे नव्हे, अंगाला लावायचे. दिवाळीच्या आधी शाळांच्या सभागृहांत आणि मंगल कार्यालयांत प्रदर्शने भरतात. तिथे दोन खोल्यांच्या घरात स्वतः केलेले लोणी, साबण, उटणी घेऊन बायका बसतात. 'नैसर्गिक', 'घरगुती', 'केमिकल नाही' असे वर लिहिलेले असते.

डोंबिवलीच्या माणसाला केमिकल या शब्दाची धास्ती का वाटते ते समजण्यासारखे आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसे मेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. ज्याने ते पाहिले तो डबीवरचे बारीक अक्षर वाचणारच.

तरीही एक गोष्ट शहरातल्या बहिणींना आम्ही सांगू इच्छितो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा नवा अंगारा-धुपारा आहे. धोतरा नैसर्गिक आहे, सापाचे विषही नैसर्गिक आहे. वस्तू कुठून आली एवढे पुरत नाही, तिचा गुण काय आणि ती किती लावायची हे पाहावे लागते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. औषध आणि विष यांच्यातले अंतर तो फवारणीच्या पंपाशी रोज मोजतो.

डबीत असते काय

या लोण्यात मुख्यतः तीन माल वापरतात. पहिला शिया. हे पश्चिम आफ्रिकेतले झाड. घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया या कोरडवाहू मुलखातल्या बायका त्याच्या बिया वेचतात, भाजतात, कुटतात, घोटतात आणि चरबीसारखे घट्ट तेल काढतात. दुसरा कोको, म्हणजे चॉकलेटच्या बियांचे लोणी. तिसरा आपला कोकम.

यातली गंमत पुढे आहे. शियाचे झाड आणि आपला मोह एकाच कुळातले. घोलवडचा चिकूही त्याच कुळातला. म्हणजे आफ्रिकेतून जहाजाने जे लोणी मुंबई बंदरात उतरते आणि डोंबिवलीच्या गॅसवर वितळते, त्याचा सख्खा चुलतभाऊ डोंबिवलीपासून एसटीच्या अंतरावर, मुरबाड आणि शहापूरच्या रानात उभा आहे. ठाणे जिल्ह्यातले वारली, ठाकर, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या मोहाच्या बियांचे तेल काढत आले. ते दिव्यात जळले, कढईत पडले आणि हातापायांना लागले. थंडीत ते आपोआप थिजते. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

कोकमाचे तसेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आमसुलासाठी कोकमाची साल काढतात, आगळ काढतात, आणि बी उरते. वाळलेल्या बियांत साधारण पाव हिस्सा तेल असते. कोकणातली बाई त्या बिया कुटते, पाण्यात उकळते, वर तरंगलेले तेल काढून घेते आणि थिजू लागले की मुठीने दाबून त्याचे गोळे करते. म्हणून त्याचे नाव मुठेल. भिरंडेल हेही त्याचेच नाव. कोकणात टाच फुटली की गोळा दिव्यावर धरायचा आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायचा.

हे तेल घट्ट का राहते? त्यात स्टिअरिक नावाचे आम्ल भरपूर असते. त्यामुळे साधारण ४० अंशांच्या आसपास ते वितळते आणि लवकर खवट होत नाही. याच गुणासाठी चॉकलेटवाल्यांचीही त्यावर नजर आहे. युरोपीय संघाने २००० साली नियम केला की चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याशिवाय ५ टक्क्यांपर्यंत आणखी सहा वनस्पतींची तेले चालतील. त्या सहांत शिया आहे, सालबी आहे, आंब्याची कोय आहे आणि कोकमही आहे. कोकणच्या परसातली बी ब्रुसेलच्या नियमपुस्तकात बसली. आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत तिला अजून कुणी विचारत नाही.

आपल्या घरात करायचे तर

ज्याला करून पाहायचे असेल त्याच्यासाठी कृती लिहितो. हे स्वतःच्या घरासाठी आहे, त्याला कुणाचा परवाना लागत नाही.

कोकमतेल १०० ग्रॅम आणि तिळाचे घाणीचे तेल १०० ग्रॅम घ्यावे. पातेल्यात पाणी तापवावे, त्यात दुसरे कोरडे भांडे ठेवून तेले वितळवावीत. थेट आचेवर ठेवू नये. वितळले की भांडे थंड पाण्यात ठेवावे आणि साय धरू लागताच रवीने घुसळावे. सावकाश थिजू दिले तर रवाळ होते. लवकर थंड करून घुसळले तर लोण्यासारखे मऊ येते. रवी कोरडी हवी, भांडे कोरडे हवे, डबी कोरडी हवी. पाण्याचा थेंब गेला की बुरशीला वाट मिळते.

ही झाली हिवाळ्याची कृती. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ वर जातो, तिथे हे लोणी डबीत पाणी होऊन बसेल. म्हणून उन्हाळ्यासाठी आणि टाचांच्या मलमासाठी त्यात २५ ते ३० ग्रॅम मधमाशीच्या पोळ्याचे शुद्ध मेण वितळवावे. मेण ६० अंशांच्या वर वितळते, त्यामुळे मलम आकार धरते.

कोकम मिळत नसेल तर आपल्या आयुर्वेदातले शतधौत घृत आहे. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घ्यायचे, थंड पाणी घालून तळहाताने फेसायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे पाणी. असे शंभर वेळा. तूप पांढरे, हलके, लोण्यासारखे होते. त्यात थोडे पाणी राहते म्हणून ते थोडेच करावे आणि लवकर संपवावे. शहरात ज्याला बॉडी बटर म्हणतात ते आपल्या वैद्याच्या घरी याच रूपात होते.

काही गोष्टी सांभाळा. कातडी तेल पिऊन पोसत नाही. तेल कातडीतला ओलावा उडू देत नाही, एवढेच त्याचे काम. म्हणून आंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असताना लावावे. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून एक दिवस वाट पाहावी, खाज आली तर सोडून द्यावे. खवट वास आला की टाकून द्यावे. घाणीवरचे कच्चे सरकीचे तेल यात वापरू नये, त्यात गॉसिपॉल असते, ते शुद्ध केल्यावरच जाते. एरंडेल वापरा, पण एरंडीची पेंड जनावरांपुढे जाऊ देऊ नका, ती विषारी असते. भेगेतून रक्त येत असेल, पू होत असेल किंवा घरात मधुमेहाचा रोगी असेल तर लोणी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे.

कच्चा माल गेला, पक्का माल आला

कृती सोपी आहे. मग अडते कुठे?

कापूसवाल्याला हे समजावून सांगायला नको. आपण १०० किलो कापूस विकतो तेव्हा त्यात रुई जेमतेम ३४-३५ किलो असते, बाकी बहुतेक सरकी असते. सरकीचे तेल निघते, ढेप निघते. ढेप आपणच गिऱ्हाईक होऊन परत विकत घेतो. बी आपले, घाम आपला, ढेपेचा भाव मात्र दुसऱ्याचा. मोहाच्या बीचे तसेच होते, कोकमाच्या बीचेही. बी वेचणाऱ्याला वजनाचे पैसे मिळतात. डबी विकणाऱ्याला वासाचे, रंगाचे, डबीवरच्या चित्राचे आणि 'नैसर्गिक' या शब्दाचे पैसे मिळतात. खरी कमाई त्या शब्दाची आहे आणि तो शब्द वेचणाऱ्याच्या हाती नाही.

सरकारने काही केलेच नाही असे म्हणणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. २०१३-१४ पासून केंद्राची वनोपजाच्या आधारभूत किमतीची योजना आहे, तीत मोहाची बी आणि करंजाची बी पहिल्यापासून आहे. पण आधारभूत किंमत म्हणजे काय ते कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्याने कुणाकडून शिकावे? कागदावरचा भाव आणि काट्यावरचा भाव यांतले अंतर आपण जन्मभर पाहतो आहोत. तो भावही असतो बीचा. लोण्याचा नसतो.

१९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा विचार मांडला. त्यात सीता शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेतीबरोबर माजघर शेती होती. शेतातून निघालेला माल घराच्या माजघरातच पहिली प्रक्रिया होऊन बाहेर पडावा, म्हणजे त्यातली वाढीव किंमत घरात राहील, असा तो साधा हिशेब होता. त्या वेळी आपण पापड-लोणच्यापर्यंत पोहोचलो आणि थांबलो. आज शहरातली बाई नेमकी माजघर शेतीच करते आहे, फक्त तिच्याकडे शेत नाही. आपल्याकडे शेत आहे, माजघर आहे आणि वाट बंद आहे.

पोटात जाते ते सोपे, टाचेला लागते ते अवघड

वाट बंद कशी ते पाहा. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या खाद्यपदार्थवाल्याला साधी नोंदणी दिली, वर्षाला १०० रुपये शुल्क. घरच्या चुलीवर चटणी, पापड, शेव करणारी बाई त्यावर उजळ माथ्याने धंदा करू शकली.

आता तीच बाई टाचेचे मलम विकायला निघाली तर? तिला गाठ पडते १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याशी आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांशी. विक्रीसाठी करायचे तर परवाना हवा, शिकलेला तांत्रिक माणूस हवा, आणि जागा अशी हवी की ती राहत्या घरासाठी वापरात नसेल आणि घराला जोडलेलीही नसेल. म्हणजे माजघर कायद्यानेच बाद. जे पोटात जाते त्याला शंभर रुपयांची नोंदणी आणि जे टाचेला लागते त्याला कारखाना, या शहाणपणाला काय म्हणावे? तिळाचे तेल चटणीत घातले तर गृहउद्योग होतो, त्यातच मेण वितळवले तर गुन्हा होतो.

यावर अधिकारी म्हणतील की लोकांच्या कातडीचा प्रश्न आहे, वाटेल त्याला वाटेल ते करू द्यायचे का? हा आक्षेप खोटा नाही आणि त्याला उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच अकोल्याची बातमी आली. गोरेपणाचे क्रीम लावून एका घरातल्या तीन बायकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडी उजळ दाखवतो आणि आतून मूत्रपिंड खातो. असले क्रीम विकणाऱ्याला आम्ही पाठीशी घालणार नाही.

पण त्या गोष्टीतून शिकायचे काय? कायदा होता, परवान्याची अट होती, तरी पाऱ्याचे क्रीम अकोल्यापर्यंत पोहोचले. ज्याला कायदा मोडायचाच आहे त्याला राहत्या घराची अट अडवत नाही. ती अडवते कायद्याने वागू इच्छिणाऱ्या बाईला. चोरासाठी लावलेले कुलूप मालकिणीलाच बाहेर ठेवते. आणि दुसरे, विष आले ते मलमाच्या गरजेतून आले नाही. ते आले गोरे होण्याच्या वेडातून. उन्हात राबणाऱ्या बाईच्या रंगाला कमीपणा चिकटवणारी जाहिरात जोवर चालते तोवर पाऱ्याला गिऱ्हाईक मिळत राहणार. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द काढला. डबीवरचा शब्द गेला, मनातला जायचा आहे.

मग आमचे म्हणणे काय

आम्हाला अनुदान नको. 'महिलांसाठी बॉडी बटर योजना' तर मुळीच नको, कारण तिचे उद्‌घाटन होईल, फोटो येईल आणि घुसळायची यंत्रे ग्रामपंचायतीच्या खोलीत गंजत पडतील.

आम्हाला निर्यातबंदीसुद्धा नको. ऑगस्ट २०२५ मध्ये नायजेरियाने कच्ची शियाची बी देशाबाहेर पाठवण्यावर सहा महिन्यांची बंदी जाहीर केली. हेतू असा की लोणी देशातच व्हावे. हेतू गोड आहे. पण ५ मार्च २०१२ ला दिल्लीने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा भाव कुणाचा पडला आणि स्वस्त रुई कुणाला मिळाली हे आपल्याला ठाऊक आहे. बी वेचणाऱ्या बाईचे गिऱ्हाईक पळवून लावल्याने तिला घाणी मिळत नाही. तिला घाणी घालायची मोकळीक द्या आणि बी विकायचीही मोकळीक ठेवा. कशात चार पैसे जास्त सुटतात ते तिला कळते.

आमची मागणी एका वाक्याची आहे. फक्त तेल, तूप आणि मेण एवढ्यांचेच, पाणी, रंग किंवा 'गोरे करते' असा दावा नसलेले मलम लहान प्रमाणात विकणाऱ्याला अन्नासारखीच साधी नोंदणी मिळावी आणि घराची अट जावी. डबीवर करणारीचे नाव, गाव, कशाचे आणि कधी केले हे लिहिणे सक्तीचे असू द्या. नमुना तपासायचा हक्क सरकारने ठेवावा. पारा सापडला तर शिक्षा आजच्याहून कडक करा. पाणी नसलेल्या शुद्ध तेला-मेणात जंतू सहसा वाढत नाहीत, म्हणून एवढ्याच मालापुरते आम्ही बोलतो आहोत. पातळ क्रीम, लोशन, रंग यांचे नियम वेगळे राहावेत, त्याला आमची हरकत नाही.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचे नाही. परवाना असलेल्या कारखान्याच्या जागेत स्वतःच्या नावाने माल करून घेण्यासाठी २०२० च्या नियमांत उसना परवाना आहे. एका गावातल्या दहा बायकांनी मिळून तो मार्ग चाचपून पाहावा. ठाणे-डोंबिवलीत लोणी घुसळणाऱ्या बहिणी आमच्या शत्रू नाहीत, त्या आमचे गिऱ्हाईक आहेत. त्यांना तीळ, करडई, एरंड, मेण लागते. कोण पिकवतो ते त्यांना ठाऊक नाही आणि कोण विकत घेते ते आपल्याला ठाऊक नाही. या दोन अडाण्यांच्या मध्ये जो बसला आहे तो मात्र शहाणा आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या भागात तेलबियांची आणि झाडाच्या बियांची किती खरेदी होते आणि वेचणाऱ्याला हातात काय पडते. तालुक्यात चालू घाण्या किती आणि बंद किती. आणि वरच्या मागणीवर सही करायला किती बायका तयार आहेत. आकडे घरच्या बायकांना विचारून आणा, पारावर बसून नको. हा हिशेब त्यांच्या बोटांवर लिहिलेला आहे, आणि ती बोटे चिरलेली आहेत.